१९७२ चे ब्रिटिश 'रौप्यविवाह' क्राउन : खरे चांदीचे नाणे कोणते आणि ते कसे ओळखावे?

अबोली

नमस्कार. माझ्या आत्याचे यजमान १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या लीस्टरला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या संग्रहातली दोन मोठी नाणी आता आमच्याकडे आली आहेत. दोन्हींच्या एका बाजूला मुकुट घातलेल्या तरुण राणी एलिझाबेथ आहेत. दुसऱ्या बाजूला वेलपानांची नक्षी, तिच्यात एक लहान विवस्त्र मूर्ती, मुकुटाखाली ई आणि पी ही अक्षरे आणि कडेने 'एलिझाबेथ अँड फिलिप, २० नोव्हेंबर १९४७–१९७२' असा मजकूर आहे. किंमत मात्र कुठेच लिहिलेली नाही. एक नाणे डबीत आहे आणि त्याचा पृष्ठभाग आरशासारखा आहे. दुसरे कागदी पाकिटात सुटे होते आणि ते करडे, निस्तेज दिसते.

हे विवाहाच्या रौप्यमहोत्सवाचे नाणे असल्यामुळे दोन्ही चांदीचीच असणार, असे घरातल्या मंडळींचे म्हणणे आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्हींचे वजन २८ ग्रॅम भरले, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली आहे. ओळखीच्या सराफांनी कसोटीवर थोडे घासून पाहू असे सुचवले होते, पण मी त्यांना थांबवले. नाण्याला धक्का न लावता धातू कळण्याचा काही मार्ग आहे का? आणि या चित्राचा अर्थ काय? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टांकसाळ

अबोलीताई, कसोटीचा दगड लावू दिला नाहीत हे फार चांगले केलेत. आरशासारख्या पृष्ठभागावरचा ओरखडा कायमचा असतो आणि अशा नाण्याचे संग्राहकाच्या दृष्टीने जे काही मोल आहे ते त्या पृष्ठभागातच असते.

हे १९७२ चे पंचवीस पेन्सचे क्राउन आहे. राणी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप यांचा विवाह २० नोव्हेंबर १९४७ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये झाला. त्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल रॉयल मिंट या ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने हे नाणे काढले. 'रौप्य' हा शब्द इथे वर्षांचा आहे, धातूचा नाही. सर्वसामान्य लोकांसाठी पाडलेली सुमारे ७४ लाख ५२ हजार नाणी ताम्र-निकेलची, म्हणजे ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल अशा मिश्रधातूची होती. चांदीची नाणी फक्त एक लाख पाडली गेली. ती प्रूफ पद्धतीची, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारख्या पृष्ठभागाची पाडलेली होती आणि डबीत घालून संग्राहकांना स्वतंत्रपणे विकली गेली. त्यांचा कस ९२५, म्हणजे स्टर्लिंग चांदीचा आहे.

डबीतले चांदीचे आणि सुटे निकेलचे, असा अंदाज यावरून कोणीही बांधेल आणि तो बहुधा बरोबरही ठरेल. तरीही मी तुम्हाला थोडे थांबायला सांगेन. त्याच वर्षी रॉयल मिंटने वर्षभरातल्या नाण्यांचा जो प्रूफ संच विकला, त्यातही हे क्राउन होते आणि ते ताम्र-निकेलचे होते. म्हणजे आरशासारखी चमक असलेले, तरीही चांदीचा अंश नसलेले रौप्यविवाह क्राउन अस्तित्वात आहे. संच फोडून त्यातले क्राउन वेगळे विकण्याचा प्रकार सर्रास चालतो आणि रिकामी डबी मिळवणेही अवघड नसते. त्यामुळे चमक आणि डबी या दोन्हींवर पूर्ण विसंबू नये.

किंमत कोरलेली नाही याचे कारण परंपरेत आहे. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले. त्याआधी क्राउन म्हणजे पाच शिलिंग, म्हणजेच पाउंडाचा चौथा भाग. दशमान पद्धतीत पाउंडाचे शंभर पेन्स झाले आणि क्राउन पंचवीस पेन्सचे ठरले. या नव्या हिशेबातले पहिले क्राउन हेच.

कलदार

वरील माहितीत एक भर. आपल्याकडे चांदीच्या नाण्याची पारख वजनावर करण्याची जुनी सवय आहे, कारण राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. वजन भरले की रुपया खरा, असे आपल्या आजोबांच्या पिढीचे सरळ गणित होते. ते इथे लागू पडत नाही. रौप्यविवाह क्राउनच्या दोन्ही प्रकारांचे प्रमाणित वजन २८.२८ ग्रॅम आणि व्यास ३८.६१ मिलिमीटर आहे. स्वयंपाकघरातला काटा दोघांना सारखेच वजन दाखवणार आणि त्यावरून धातू कळणार नाही.

हे वजन कुठून आले तेही सांगण्यासारखे आहे. १८१६ मध्ये ब्रिटनने चांदीच्या नाण्यांचे प्रमाण नव्याने ठरवले. ट्रॉय पाउंड हे सोन्याचांदीचे जुने वजन. एक ट्रॉय पाउंड स्टर्लिंग चांदीतून ६६ शिलिंग पाडायचे असे ठरल्यावर पाच शिलिंगांच्या क्राउनच्या वाट्याला २८.२८ ग्रॅम आले. व्हिक्टोरिया राणीचे क्राउन याच वजनाचे आणि याच ९२५ कसाचे होते. १९२० मध्ये कस ५०० वर आला आणि १९४७ पासून ब्रिटनच्या रोजच्या नाण्यांतून चांदी पूर्णपणे गेली. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, हे त्यामागचे मोठे कारण. भारतानेही अशीच चांदी उसनी घेतली होती. आपला रुपया १९४० मध्ये निम्म्या चांदीवर उतरला आणि १९४७ मध्ये निकेलचा झाला.

म्हणजे ज्या १९४७ साली हे लग्न झाले त्याच साली इंग्लंडच्या खिशातली चांदी संपली. पंचवीस वर्षांनी निघालेल्या एक लाख प्रूफ नाण्यांत मात्र व्हिक्टोरियाच्या काळचे वजन आणि कस जसेच्या तसे परत आले. मला या नाण्यात सर्वांत रस वाटतो तो याच गोष्टीचा.

रसायन

दोन्हींचे वजन सारखे आहे, ही तर आपल्या सोयीची गोष्ट आहे. वजन आणि व्यास सारखे असतील पण धातू वेगळा असेल, तर आकारमान वेगळे असलेच पाहिजे. स्टर्लिंग चांदीची घनता सुमारे १०.३६ आणि ताम्र-निकेलची सुमारे ८.९५ आहे. २८.२८ ला या घनतेने भागून पाहा. चांदीच्या नाण्याचे आकारमान २.७३ घनसेंटिमीटर येते आणि ताम्र-निकेलच्या नाण्याचे ३.१६. चांदीचे नाणे सरासरी एक तृतीयांश मिलिमीटरहून किंचित अधिक पातळ असले पाहिजे. दोन्ही नाणी कडेला कडा लावून पाहिलीत तर तीक्ष्ण नजरेला फरक जाणवेल, मात्र उठावाच्या कडेमुळे फसगत होऊ शकते, म्हणून त्याला केवळ इशारा समजावे.

नेमके उत्तर पाण्यातून मिळते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन सहज मिळतो. त्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवावा आणि आकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक नायलॉनच्या दोऱ्याचा सैल फास घालून ते हाताने धरून पाण्यात पूर्ण बुडवावे. नाणे पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा उमटेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच नाण्याचे आकारमान. २.७३ च्या आसपास आकडा आला तर चांदी, ३.१६ च्या आसपास आला तर ताम्र-निकेल. दोन्हींत ०.४३ चे अंतर आहे, त्यामुळे किरकोळ चूक झाली तरी निर्णय बदलत नाही. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटलेले नाहीत एवढे पाहावे, कारण प्रत्येक बुडबुडा आकडा फुगवतो.

पाणी डिस्टिल्ड घ्यावे, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते चालेल. नळाच्या पाण्यातील क्षारांचे डाग प्रूफ पृष्ठभागावर राहतात. बाहेर काढल्यावर नाणे पुसू नये, मऊ सुती कापडात ठेवून वरून हलके दाबावे आणि पाणी टिपून घ्यावे.

अंजनेरी

रसायन यांची पद्धत अचूक आहे, पण प्रूफ नाणे ओले करायला माझे मन धजावत नाही. हवाबंद गोल कॅप्सूलमध्ये असेल तर ते बाहेर काढूच नये. त्याऐवजी एक शक्तिशाली निओडिमियम चुंबक घ्यावा, कॅप्सूल तिरपी धरावी आणि वरून चुंबक घसरू द्यावा. चांदी किंवा हे ताम्र-निकेल, दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. मात्र चांदी विजेची उत्तम वाहक असल्यामुळे सरकत्या चुंबकामुळे तिच्यात प्रवाह निर्माण होतात आणि ते चुंबकाला अडवतात. चुंबक मधातून जावा तसा सावकाश उतरतो. ताम्र-निकेल वाहक म्हणून फार कमजोर आहे, त्यावरून तो झटकन घसरतो. दोन्ही नाणी हाताशी असल्यामुळे तुम्हाला तुलना करणे सोपे जाईल.

बऱ्याच सराफांकडे आता कॅरेट मीटर असते. क्ष-किरणांवर चालणारे हे यंत्र नाण्याला ओरखडा न काढता धातूचे प्रमाण सांगते. त्याची मर्यादा अशी, की ते फक्त वरचा पातळ थर वाचते. जाड मुलामा दिलेले नाणे त्याला फसवू शकते. घनतेच्या परीक्षेत संपूर्ण नाणे मोजले जाते, हा तिचा मोठा गुण.

सह्याद्रीवासी

चित्राबद्दलच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. नाण्याच्या दोन्ही बाजू अरनॉल्ड मेचिन या शिल्पकाराने घडवल्या आहेत. मूळचे ते स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावचे आणि चिनी मातीच्या मूर्तिकामातून पुढे आलेले. टपाल तिकिटे जमवणाऱ्यांना त्यांचे नाव वेगळे सांगायला नको, कारण १९६७ पासून ब्रिटनच्या रोजच्या तिकिटांवर राणीचा जो मुखवटा छापला गेला तो त्यांचाच.

वेलपानांच्या मधली लहान मूर्ती ग्रीक पुराणातील प्रेमदेव इरॉसची आहे. आपल्याकडच्या मदनाशी त्याची तुलना करता येईल. ई आणि पी ही अर्थातच एलिझाबेथ आणि फिलिप यांची आद्याक्षरे. राजघराण्याच्या नाण्यावर ढाल, सिंह, घोडा असे राजचिन्हांचे जड सामान असते, ते इथे जवळजवळ नाही. मुकुट आहे तो तेवढा. बाकी सगळी फुलेपाने आणि प्रेमदेव. या निवडीबद्दल मला मेचिन यांचे कौतुक वाटते. राज्याभिषेकाचा वाढदिवस असता तर गोष्ट वेगळी, पण लग्नाचा वाढदिवस ही मुळात दोन माणसांची गोष्ट आहे आणि शिल्पकाराने ती तशीच ठेवली.

दर्शनी बाजूवर राणीच्या मस्तकावर जो रत्नजडित मुकुट आहे त्याकडेही पाहावे. 'गर्ल्स ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड' या नावाने तो ओळखला जातो. १८९३ मध्ये राणी मेरी यांच्या लग्नात मुलींच्या समितीने वर्गणी काढून तो भेट दिला होता. मेरी यांनी तो १९४७ मध्ये नातीला, म्हणजे एलिझाबेथ यांना लग्नाची भेट म्हणून दिला. मेचिन यांचे हे चित्र काही या वाढदिवसासाठी केलेले नव्हते, ते आधीपासून दशमान नाण्यांवर होतेच. तरीही विवाहाच्या रौप्यमहोत्सवी नाण्यावर राणीच्या डोक्यावर लग्नातलाच अहेर असावा, हा योग मला विलक्षण वाटतो.

कलदार

मेचिन यांच्या मागील बाजूबद्दल मी इतका उत्साही नाही. नक्षी फार दाट आहे. ताम्र-निकेलच्या सामान्य नाण्यावर तर ती पूर्ण उठतच नाही, पाने आणि मूर्ती एकमेकांत मिसळून जातात. प्रूफ नाण्यावर पार्श्वभूमी आरशासारखी आणि उठाव दुधी असतो, तिथे ते चित्र उमलते. अबोलीताईंना दोन्ही शेजारी ठेवून हे पाहता येईल. एकाच ठशाचे काम दोन पृष्ठभागांवर किती वेगळे दिसते हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जोडी शोधून सापडणार नाही.

लीस्टरकर

गेली अनेक वर्षे या देशात राहतो, म्हणून इथली बाजू लिहितो. ताम्र-निकेलचे क्राउन इथे जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि धर्मादाय दुकानांतल्या ताटल्यांमध्ये नेहमी दिसते. लोकांनी ते दर्शनी किमतीला घेतले, कपाटात ठेवले आणि जवळजवळ कोणीच ते खर्च केले नाही. कायद्याने ते आजही पंचवीस पेन्सचे वैध चलन आहे, पण वैध चलन या संज्ञेचा अर्थ इथल्या कायद्यात फार मर्यादित आहे आणि दुकानदाराने ते घेतलेच पाहिजे असे बंधन नाही.

भारतातल्या मंडळींचा दोन जवळच्या नाण्यांशी नेहमी गोंधळ होतो, तोही इथेच दूर करावा. १९७७ चे क्राउन राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे आहे, त्यावर त्या घोड्यावर बसलेल्या दिसतात. १९८१ चे क्राउन चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नाचे आहे, लग्नाच्या वाढदिवसाचे नाही. दोन्ही प्रचंड संख्येने पाडली गेली, दोन्हींचे चांदीचे प्रूफही निघाले. ऑनलाइन विक्रीत ही तिन्ही नाणी 'चांदीचे दुर्मीळ राणी नाणे' अशा एकाच नावाखाली खपवली जातात आणि त्यांतली बहुतेक निकेलची असतात. विकत घेणाऱ्याने मागील बाजूचे छायाचित्र आणि घनतेचा आकडा मागावा, विक्रेत्याने टाळाटाळ केली तर व्यवहार सोडून द्यावा.

१९७२ मध्ये केवळ लंडनच नव्हे तर गर्न्सी, जर्सी, आयल ऑफ मॅन, जिब्राल्टर, बर्म्युडा, केमन बेटे अशा अनेक ठिकाणांच्या नावाने याच प्रसंगाची नाणी निघाली. त्यामुळे राणीचा चेहरा आणि १९७२ एवढेच पाहून निष्कर्ष काढू नये, कडेचा मजकूर पूर्ण वाचावा.

अंजनेरी

राजघराण्यातल्या लग्नाच्या वाढदिवसाचे नाणे काढण्याची प्रथा ब्रिटनपेक्षा युरोपच्या मुख्य भूमीवर अधिक रुजलेली होती. १९४७ च्या लग्नाचे तर ब्रिटनने नाणे काढलेही नव्हते. याउलट ऑस्ट्रियात सम्राट फ्रान्झ योझेफ आणि सम्राज्ञी एलिझाबेथ यांच्या १८५४ च्या विवाहाचीही नाणी निघाली आणि १८७९ च्या रौप्यमहोत्सवाचीही. १८७९ चे दोन गुल्डेनचे नाणे माझ्या मते या प्रकारातले सर्वांत देखणे. २४.६९ ग्रॅम, ९०० कस, व्यास ३६ मिलिमीटर. दर्शनी बाजूला पतिपत्नीचे मुखवटे एकामागे एक, एकाच दिशेला पाहणारे. मागच्या बाजूच्या लॅटिन मजकुरात 'विवाहाचे पाचवे पंचक साजरे करीत आहेत' असे म्हटले आहे. पंचवीस वर्षे मोजण्याची ही रोमन रीत. त्याच निमित्ताने २७ एप्रिल १८७९ रोजी व्हिएन्नाच्या रिंगश्ट्रासे या रस्त्यावरून चित्रकार हान्स माकार्ट यांनी रचलेली भव्य शोभायात्रा निघाली होती. हे नाणे चांदीचेच होते आणि सर्वच्या सर्व चांदीचे होते. 'रौप्य' विवाहासाठी निराळा धातू वापरण्याची वेळ तेव्हा आलेली नव्हती.

जर्मन संस्थानांमध्ये तर ही परंपरा अखेरपर्यंत टिकली. व्युर्टेंबर्गचा राजा विल्हेल्म दुसरा आणि राणी शार्लोट यांच्या रौप्यविवाहाचे १९११ चे तीन मार्कांचे नाणे सहज मिळते. त्याचाच एक उपप्रकार मात्र महाग आहे, ज्यात शार्लोट या नावातील एच अक्षराची आडवी दांडी थोडी वर आहे. संग्राहक त्या दांडीसाठी भिंग घेऊन बसतात.

या सगळ्यात मला अस्वस्थ करणारे नाणे बव्हेरियाचे आहे. राजा लुडविग तिसरा आणि राणी मारिया तेरेसे यांचा विवाह २० फेब्रुवारी १८६८ रोजी झाला होता. सुवर्णमहोत्सव आला तो १९१८ च्या फेब्रुवारीत, महायुद्ध ऐन भरात असताना. म्युनिकच्या टांकसाळीने तीन मार्कांची सुमारे १३० नाणी पाडली. नोव्हेंबरमध्ये बव्हेरियातली राजसत्ता कोसळली आणि पुढच्या फेब्रुवारीत राणीचे निधन झाले. जर्मन साम्राज्याच्या नाण्यांमध्ये ते आज सर्वांत दुर्मीळ नाण्यांपैकी एक आहे. तिथे पन्नास वर्षांचा संसार टिकला आणि राज्य गेले. डेन्मार्कने १८९२ आणि १९२३ मध्ये, स्वीडनने १९०७ मध्ये अशीच दोन क्रोनांची नाणी काढली. ती नाणी सुबक आहेत, पण त्यांच्या पाठीशी अशी कथा नाही.

टांकसाळ

ब्रिटनची पुढची कडी मी जोडतो. १९९० पासून क्राउनची दर्शनी किंमत पाच पाउंड झाली, त्यामुळे १९९७ चे सुवर्णविवाहाचे नाणे पाच पाउंडांचे आहे. त्यावर फिलिप नॅथन यांनी केलेली राणी आणि प्रिन्स फिलिप यांची जोडीची मुखमुद्रा आहे. ब्रिटिश नाण्यांवर जोडीचे मुखवटे सतराव्या शतकात विल्यम आणि मेरी यांच्या वेळीही होते, पण १९७२ मध्ये मात्र फिलिप यांच्या वाट्याला केवळ नाव आणि आद्याक्षर आले होते. २००७ च्या हीरकविवाह नाण्यावर ज्या अ‍ॅबीत लग्न झाले तिथली गुलाबाकृती खिडकी आहे. २०१७ मध्ये सत्तर वर्षांचेही नाणे निघाले. एकाच दांपत्याच्या संसाराची पंचवीस, पन्नास, साठ आणि सत्तर वर्षे अशी नाण्यांतून मोजता येणे हे दुसरीकडे कुठे घडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. चारही चांदीत मिळतात आणि चौघांचा संच हा नव्या संग्राहकासाठी आवाक्यातला, अर्थपूर्ण विषय आहे.

सह्याद्रीवासी

या नाण्याला आपल्याकडची एक समांतर जोड आहे, ती कोणीतरी नोंदवायला हवी. १९४७ ते १९७२ ही पंचवीस वर्षे आपलीही होती. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भारत सरकारने १९७२ मध्ये दहा रुपयांचे चांदीचे नाणे काढले. त्याचे वजन २२.५ ग्रॅम आणि कस ५००, म्हणजे त्यात ११.२५ ग्रॅम शुद्ध चांदी. आपला देश सोडून गेलेल्या राजघराण्याच्या लग्नाचे नाणे आणि आपल्या स्वातंत्र्याचे नाणे, दोन्हींवर तीच दोन साले. व्यासही जवळपास सारखाच. माझ्या संग्रहात ही दोन नाणी मी एकाच पानावर ठेवली आहेत.

त्या लग्नाला भारतातून गेलेले अहेरही दोन टोकांचे होते. हैदराबादच्या निजामाने हिऱ्यांचा हार आणि मुकुट दिला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे विणलेले वस्त्र पाठवले, त्यावर 'जय हिंद' ही अक्षरे होती. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. दोन्ही परीक्षा करून पाहिल्या. डबीतले नाणे कॅप्सूलमध्ये नव्हते, त्यामुळे डिस्टिल्ड पाणी आणून रसायन यांनी सांगितल्याप्रमाणे केले. डबीतल्या नाण्याचा आकडा २.७४ आला आणि सुट्याचा ३.१७. चुंबकानेही तेच सांगितले. डबीतल्या नाण्यावर कागद ठेवून, ते तिरपे धरून त्यावरून चुंबक सोडला तर तो रेंगाळत उतरला, दुसऱ्यावरून सरळ खाली आला. म्हणजे एक चांदीचे, एक निकेलचे.

आता दोन प्रश्न उरतात. चांदीच्या नाण्याची किंमत काय समजावी? आणि निकेलचे सुटे नाणे ठेवण्यात काही अर्थ आहे का? घरात ते मुलांना खेळायला द्यावे असे बोलणे चालले आहे. शिवाय चांदीच्या नाण्याच्या कडेला फिकट पिवळसर-जांभळी छटा आली आहे, ती दिवाळीत चांदीची भांडी घासतो तशी रांगोळीने घासून काढावी का, असेही विचारले जात आहे.

रसायन

रांगोळी, दंतमंजन, चिंच, कोकम, बाजारातले चांदी उजळण्याचे द्रव, यांतले काहीही लावू नका. भांडे घासले तरी भांडेच राहते, पण प्रूफ नाण्याचा दुधी उठाव आणि आरसा रांगोळीच्या एका हातात संपतो. ती पिवळसर-जांभळी छटा म्हणजे हवेतील गंधकामुळे तयार झालेला चांदीच्या सल्फाइडचा अत्यंत पातळ थर आहे. त्याने नाण्याचे नुकसान होत नाही, उलट अनेक संग्राहकांना अशी नैसर्गिक छटा आवडते. ती वाढू नये म्हणून हवाबंद कॅप्सूल घ्यावी आणि डबीजवळ सिलिका जेलची पुडी ठेवावी. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी ती पुडी बदलावी. नाण्यांना रबरबँड कधीही लावू नये, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उठते. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तीही टाळावीत.

टांकसाळ

किमतीबद्दल सरळ सांगतो. एक लाख ही संख्या संग्राहकांच्या जगात लहान नाही, त्यामुळे दुर्मीळतेपोटी फार मोठी रक्कम मिळेल अशी आशा ठेवू नये. नाण्यात २६.१६ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, म्हणजे सुमारे सव्वादोन तोळे. राणीछाप रुपयात १०.६९ ग्रॅम असते, त्या हिशेबाने हे क्राउन जवळजवळ अडीच रुपयांच्या तोडीचे झाले. त्या दिवशीचा चांदीचा दर लावला की खालची पातळी कळते, पृष्ठभाग निर्दोष असेल आणि मूळ डबी सोबत असेल तर संग्राहक त्यावर थोडे अधिक देतो. वितळवण्यासाठी मात्र देऊ नका. चांदीचा दर चढला की अशी नाणी मुशीत जातात आणि उरलेल्यांची खरी संख्या किती हे कोणालाच कळत नाही.

कलदार

निकेलचे नाणे मुलांना खेळायला देऊ नका, ही माझी आग्रहाची विनंती. बाजारात त्याला किंमत नाही हे खरे. पण चांदीचे प्रूफ पैसे भरून मागवणाऱ्यांसाठी होते. सत्तर-पंचाहत्तर लाख घरांत जे गेले आणि लोकांनी 'राहू दे आठवण' म्हणून बाजूला टाकले ते हेच निकेलचे क्राउन. १९७२ चा ब्रिटन पाहायचा असेल तर तो याच्यात अधिक दिसतो. व्हिक्टोरियाच्या क्राउनचा आकार तसाच ठेवला आणि धातू बदलला, कारण देशाला आता रोजच्या नाण्यात चांदी परवडत नव्हती. ही गोष्ट एकटे चांदीचे नाणे सांगू शकत नाही. दोन्ही एकत्र असली तरच ती सांगता येते.

आणखी एक. ज्या अर्थी तुमच्या आत्याच्या यजमानांनी दोन्ही ठेवली, त्या अर्थी त्यांना फरक माहीत असावा. आत्यांना विचारून पाहा, डबीतले कुठून घेतले आणि सुटे कसे मिळाले. एखादी पावती किंवा पाकिटावरची नोंद असेल तर ती जपा.

अबोली

आत्याशी बोलले. सुटे नाणे त्यांच्या कारखान्याच्या पगाराच्या आठवड्यात त्यांनी पंचवीस पेन्स देऊन घेतले होते. डबीतले पुढे काही वर्षांनी, एका नाणे-मेळाव्यात घेतले. पावती नाही, पण पाकिटावर त्यांच्या अक्षरात मराठीत 'राणीच्या लग्नाचा वाढदिवस' असे लिहिलेले आहे. दोन्ही नाणी एकत्रच ठेवायची असे आता घरात ठरले. सोबतच्या चिठ्ठीवर काय लिहावे?

अंजनेरी

चिठ्ठी आम्लरहित कागदावर, पेन्सिलीने लिहावी आणि नाण्याला न चिकटवता डबीखाली ठेवावी. ग्रेट ब्रिटन, पंचवीस पेन्स क्राउन, १९७२, शिल्पकार अरनॉल्ड मेचिन, एवढे दोन्हींना समान. त्यापुढे एकावर ९२५ चांदी, प्रूफ, २८.२८ ग्रॅम, घनतेच्या परीक्षेत आकारमान २.७४ घनसेंटिमीटर, आणि दुसऱ्यावर ताम्र-निकेल, घनतेच्या परीक्षेत आकारमान ३.१७ घनसेंटिमीटर. परीक्षेची तारीख घालावी, म्हणजे पुढच्या माणसाला नाणे पुन्हा पाण्यात घालावे लागणार नाही. शेवटच्या ओळीत कोणी, कुठे आणि किती पेन्सला घेतले ते लिहावे. पाकीटही टाकू नका, ते नाण्याइतकेच संग्रहाचा भाग आहे. नाणे मात्र त्यात परत घालू नका, जुन्या कागदातले आम्ल त्याला बाधते.